मागच्या चाकाचा चिखल

आज पावसात आमचा सायकल ग्रुप शिरूरहून दौंडकडे निघाला. पुढं नवीनच आलेली शीतल होती. तिच्या मागच्या चाकाचा चिखल थेट माझ्या तोंडात उडाला आणि ती मातकट चव मला कितीतरी वर्षं मागं घेऊन गेली.

तेव्हा नवखा मी होतो. वजन उतरवायच्या घाईत वेडीवाकडी सायकल दामटायचो, आणि ग्रुपमधले सगळ्यात जुने सलीममामा मुकाट माझ्या मागं. एकदा वाटेत न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांच्या दाढीतून चिखल ओघळत होता.

"मामा, तुम्ही पुढं का न्हाई जात?"

"पुढं गेलो आन् तू पडलास, तर मला कळंल का?"

मला वाटलं, मामांना दम लागतोय आणि ते कबूल करत नाहीत.

आता शीतल वळणावर डगमगते. सायकल पुढं काढायला माझे पाय नुसते शिवशिवतात. मी चिखल थुंकतो, ब्रेक दाबतो आणि तिच्या मागंच राहतो.