राहिलेला कागद

ताईंनी छत्तीस वर्षं कारखान्यात तांब्याच्या तारेचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. त्यांनी गुंडाळलेला एकही परत आला नाही. हे त्या स्वतःच सांगत, कुणी विचारलं नाही तरी. त्यामुळे धाकटा भाऊ जुना व्हॉल्व्हचा रेडिओ काखोटीला मारून आला, तेव्हा त्याचा चेहरा नको तितका खुलला होता.

“ताई, तुझा ट्रान्सफॉर्मर जळला. फ्यूज घातला की उडतोय.”

तो ट्रान्सफॉर्मर ताईंनीच तीस वर्षांपूर्वी घरी गुंडाळून दिला होता.

“फ्यूज उडाला म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गेला? ठेच लागली तर पाय कापशील! बस तिकडे.”

त्यांनी व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि विजेच्या वाटेत एक बल्ब जोडला. ट्रान्सफॉर्मर धड असेल तर बल्ब मिणमिणतो. कुठे तार तारेला चिकटली असेल तर भगभगतो. बल्ब भगभगला.

“पुढच्या जोडणीत असेल,” म्हणत ताई एकेक तार सोडवू लागल्या. शेवटची तारही सुटली. ट्रान्सफॉर्मर एकटा उरला. बल्ब तसाच.

“काय उजेड पाडलास गं ताई!”

ताईंनी ट्रान्सफॉर्मर पुढ्यात ओढला. त्याच्या लोखंडी पट्ट्या काढल्या आणि तार उलगडायला घेतली. तार तारेला चिकटू नये म्हणून प्रत्येक थरावर कागद होता. सातव्या थरावर नव्हता. तिथेच तांबं काळं पडलं होतं.

“हा गुंडाळला त्या दिवशी तू माझ्या डोक्यावर बसला होतास. ‘आटप ताई, सामना सुरू होतोय.’”

“म्हणजे चूक माझी?”

ताईंनी काळी पडलेली तार बाजूला ठेवली. “नाही रे. घाई तुझी, हात माझे.”

भावाचा जिंकल्याचा आनंद निम्म्यावर आला. “अगं, तीस वर्षं चालला की.”

“चालला म्हणजे बरोबर होता असं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी सगळे कागद कापले, मोजले आणि डाव्या हाताला रचले. शेवटी एक जरी उरला तरी चूक कळणार होती. मग नवी तार घेतली.

“झालं का?” दारातून भावाचा आवाज आला.

ताई उठल्या, कडी लावली आणि पुन्हा बसल्या.

तिसऱ्या दिवशी डावीकडे कागद उरला नव्हता आणि बल्ब मिणमिणत होता. जोडण्या झाल्या, रेडिओ खरखरला, मग गाऊ लागला.

ताई अजूनही न विचारता सांगतात. फक्त आता म्हणतात, “एकच परत आला.” आणि भाऊ समोर असेल तर, “तोही घरचाच.”