तबकडीवरची हळद

हिंगोलीच्या स्टेशनात गाडी लागली तेव्हा मायनं माझ्या हातात गाठोडं दिलं आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत दाबून धरली. गाठोड्यात आमच्याच जात्यावर दळलेली हळद होती, कुंकवाची लाकडी डबी होती आणि वाटेत खायला तिळाच्या पोळ्या. बा फलाटावर आला नाही. बैल बुजतील म्हणून बैलगाडीपाशी थांबतो म्हणाला. बैल लिंबाखाली बसून निवांत रवंथ करत होते, ते मला फलाटावरून दिसत होतं. शिट्टी झाली तशी माय म्हणाली, "नवी वस्तू घरात आली की आधी हळद-कुंकू लाव, मंग हात लाव. तिकडं सांगायला कुणी न्हाई, म्हणून आत्ताच सांगून राहिले."

एवढंच बोलली. नीट राहा, जपून राहा असलं काही नाही. मायचं हे एक वाक्य मी पुढं अगदी बराबर पाळलं, आणि त्यातूनच माझ्या हातून अशी एक वस्तू बिघडली जिची जोड जगात दुसरी नव्हती. हे लिहिलेलं माय वाचणार नाही, तिला अक्षर येत नाही. मला चौथीपर्यंतचं येतं. म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते.

लग्न होऊन मी सिकंदराबादेत आले. आमच्या घरातले तिथं वायरमन होते. रुस्तुमजी नावाच्या म्हाताऱ्या पारशी शेटजींचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, त्याच्यामागच्या खोलीत आम्ही राहायचो. नरसीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं दिवा म्हणजे कंदील. इथं मी पहिले आठ दिवस बटण दाबायला भीत होते. मग होल्डर, फ्यूज, प्लग हे शब्द तोंडात बसले, तसे ते गावाकडं गेल्यावर चुकून निघायला लागले आणि बायका हसायच्या.

शेटजींना एक वेड होतं. शहरात एका हॉटेलात रविवारी दुपारी गोऱ्या लोकांचा चहा आणि नाच असायचा आणि बँड वाजायचा. त्या बाजाला ते जॅझ म्हणायचे, आमच्या तोंडी त्याचं जाज झालं. त्यात सॅक्सोफोन नावाचं पितळेचं वाकडं वाद्य असतं. बाजारात त्या वाद्याच्या तबकड्या मिळायच्या, पण शेटजींना त्या नको असत. माणूस समोर उभा राहून, त्या दिवशी, त्या घडीला जे वाजवतो तेच पाहिजे, कारण तसं तो पुन्हा वाजवत नाही, असं ते म्हणायचे. त्यासाठी त्यांनी तबकडी कोरायचं यंत्र मागवलं होतं. तसलेच वेडे आणखी चार-पाच जण होते, कुणी मुंबईत, कुणी कलकत्त्यात. हे लोक एकमेकांना आपल्या तबकड्या ऐकायला पाठवायचे आणि ऐकून परत करायचे. आगगाडीत त्या फुटू नयेत म्हणून मी जुन्या लुगड्यांच्या गोधडीच्या पिशव्या शिवून द्यायची. त्या पिशव्यांचं कौतुक कलकत्त्याहून आलं तेव्हा मी लाजून दोन दिवस शेटजींच्या समोर गेले नाही.

यंत्रापाशी मी कशी गेले ते सांगते. तबकडीवर लाखेसारखा मऊ काळा थर असतो. ती फिरताना यंत्राची सुई त्यात मधून कडेकडं रेघ कोरत जाते आणि कोरलेल्या जागेतून केसासारखा बारीक काळा दोरा निघतो. तो दोरा मऊ ब्रशानं सारखा आत, मधल्या खुंटीकडं, सारत राहावं लागतं. सुईत अडकला की सगळं गेलं. शेटजींचे हात थरथरायचे, ह्यांचे हात तारा ओढून राठ झालेले. एकदा मी वाती वळत बसले होते ते शेटजींनी बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "ये हाथ चाहिए."

हॉटेलात हॉलच्या बाजूला एक लहान खोली होती, मधी पडदा. मी पदर घेऊन तिथं बसायची. हॉलमधलं मला काही दिसायचं नाही. मला दिसायची ती तबकडी.

पहिल्या दिवशी तो आवाज आला आणि माझा ब्रश थांबला. शेटजींनी बोटानं खूण केली तेव्हा पुन्हा चालू केला. काय सांगू. सनई मी गावात ऐकली होती, ती उंचावर राहते. हे वाद्य खाली उतरायचं, काहिलीत हळद शिजताना झाकणाखाली जशी वाफ घुमते तसं घुमायचं, आणि तिथून एकदम वर यायचं. वखर शेताच्या कडेला येऊन वळतो तसा सूर टोकाला जाऊन वळायचा. आणि नवल हे, की तो आवाज मला दिसत होता. वाजवणारा जोरात फुंकायचा तेव्हा सुईखालची काळी रेघ थरथरायची, हळू फुंकला की ती गप व्हायची. माणसाचा श्वास पडद्यापलीकडून तारेतून येत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर कोरला जात होता. मी देवळात जशी बसते तशी बसून राहिले. बरीच वर्षं तिथं बसले, पण ते नवल कमी झालं नाही.

हे सगळं मी घरी कळवलं. कार्डात लिहिलं, इथं दर रविवारी जाज असतो, आता मला त्याची सवय झाली. गावातल्या मास्तरांनी ते बाला 'जाच' असं वाचून दाखवलं. माय दोन दिवस जेवली नाही म्हणे. मास्तरांच्याच अक्षरात बाचं उलट टपाली कार्ड आलं, "जाच सोसू नको. दिवस कळव, गाडी जुंपून हिंगोलीत थांबतो." मी दुसरं कार्ड लिहिलं, त्यात तो शब्दच गाळला आणि बाजा ऐकते असं लिहिलं. मायचा विश्वास बसला नाही. बाजा ऐकायची कुणाला सवय करावी लागती काय, असं ती मास्तरांना म्हणाली.

त्यात मी काटे मागवले. मऊ तबकडी वाजवताना पोलादी पिनेनं लवकर झिजते, म्हणून शेटजी काट्याच्या पिना वापरायचे. त्या विलायतेहून डबीत यायच्या. लढाई सुरू झाली आणि डब्या बंद झाल्या. मी ह्यांच्यामार्फत सांगितलं की बाभळीचा पांढरा वाळलेला काटा बघा. तो चालला. मग बा हिंगोलीहून येणाऱ्या कुणाच्याही हाती काट्यांची पुडी पाठवायचा. तिकडं काटे बी गावाकडून न्यावे लागतात, मंग तिकडं हाय तरी काय, असं त्यानं एकाला विचारलं होतं.

हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा तो गोव्याचा अंतोन. मी त्याचे बूट तेवढे पडद्याखालून बघितले होते. लढाईच्या शेवटी शेवटी त्याची छाती बिघडली. डॉक्टरनं फुंकायला मना केलं. गोव्याला परत जायच्या आधीच्या रविवारी तो शेवटचं वाजवणार होता. त्या वेळी तबकड्याही मिळेनाशा झाल्या होत्या, शेटजींकडं एकच कोरी उरली होती, आणि तिचीही एक बाजू खराब होती.

त्या दुपारी त्यानं जे वाजवलं ते मी शब्दांत मांडायला जात नाही. नाचणारे लोक थांबले होते. पावलांचा आवाज बंद झाल्यामुळं मला ते कळलं. मधी मधी तो श्वासासाठी थांबायचा, आणि त्या थांबण्यात सुईची रेघ सरळ, शांत जायची. मी दोरा सारत होते आणि मनात म्हणत होते, थांबू नको बाबा. शेवटचा सूर तबकडीच्या अगदी कडेला मावला.

तबकडी रात्रभर आमच्या खोलीत ठेवली, दुकानात उंदीर होते म्हणून. सकाळी मी अंघोळ करून आले. ती फळीवर होती, काळी, नवी, तिच्यावर खिडकीचा उजेड. नवी वस्तू. मी मायनं दिलेली डबी आणि हळदीची पुडी उघडली, बोट ओलं केलं, हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. कोरलेल्या रेघांवर लावलं. मला खरंच तेव्हा काही वाटलं नाही. आतापर्यंतच्या तबकड्या दुकानात राहायच्या, घरात आलेली ही पहिलीच होती. पिशवीत घालताना ओल्या फडक्यानं वरचं पुसून घेतलं, म्हटलं गोधडीला डाग नको.

बुधवारी अंतोन ऐकायला आला. दुकानात शेटजी, अंतोन आणि हे. मी आतल्या दारामागं. आवाज सुरू झाला, अगदी तसाच, आणि थोड्या वेळानं टक. मग पुन्हा टक. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक, सुराच्या बरोब्बर मधी. ती जागा पार होईपर्यंत ते चालूच राहिलं. ती जागा कुठली ते मला माहीत होतं.

शेटजींनी काटा उचलला. तबकडी भिंगाखाली धरली. रेघांमध्ये लाल-पिवळे कण घट्ट बसले होते. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. कोरून झालेल्या तबकड्यांना हात लावायची परवानगी त्यांच्याशिवाय फक्त ह्यांना होती. दुसरी तबकडी नव्हती, आणि अंतोन पुन्हा वाजवणार नव्हता.

"माझ्याकडूनच झालं असंल," हे म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

इतक्या वर्षांत मी परक्या पुरुषांसमोर एक शब्द बोलले नव्हते. दाराची चौकट धरून बोलले, "ह्यांचा हात न्हाई लागला. म्या केलं. नवी वस्तू व्हती, हळद-कुंकू लावलं."

शेटजी खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळावर हात ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, स्पिरिट लावून बघतो, नाहीतर सुईनं एकेक कण काढतो. अंतोननं त्यांचा हात धरला. पुन्हा लावा म्हणाला. एक तबकडी फार तर वीस-पंचवीस वेळा नीट वाजते, म्हणून पाठोपाठ दोनदा लावायची नाही असा शेटजींचा नियम होता. तरी त्यांनी लावली. ती जागा आली तसं अंतोन गुडघ्यावर बोटानं त्या टकबरोबर ठेका धरायला लागला. टक जरा मागं पडायची, तो तिच्यासाठी थांबायचा.

तबकडी संपल्यावर तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "बारा वर्षं वाजवलं, बाय. सगळे नाचले. ओवाळलं कुणी नाही." मग शेटजींना म्हणाला, "ते काढू नका." त्याला खोकला आला. तो निघाला तेव्हाही मी त्याचे बूटच बघितले. पुढं त्याचं काही कळलं नाही.

शेटजी म्हातारे झाले होते आणि शहरात गडबड वाढत होती. मुंबईला मुलीकडं जाताना त्यांनी सगळ्या पेट्या नेल्या, ही एक ठेवली. हाताच्या चावीचा लहान ग्रामोफोनही ठेवला. म्हणाले, "ये तेरी है बेटी. जितनी अच्छी है, जितनी बिगडी है, सब तेरी."

मी ती तीन वर्षांत तीनदा लावली. मग असे महिने आले की गाड्या बंद, टपाल बंद, गावाकडची खबर नाही. पोलीस ॲक्शन झाली, आणि दिवाळीच्या सुमाराला आम्ही पूर्ण्याला गाडी बदलून हिंगोलीला उतरलो. ग्रामोफोन ह्यांच्या डोक्यावर, तबकडी माझ्या छातीशी, गोधडीत. बा बैलगाडीपाशी उभा होता, तो पुढं आला आणि त्यानं माझ्याकडं न बघता ग्रामोफोनची पेटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर लावली. काटे संपले होते. बानं बांधावरून बाभळीचा काटा आणला, विळ्यानं तासून त्याला टोक काढलं, आणि ते इतकं नीट होतं की शेटजींनी बघायला पाहिजे होतं. शेजारच्या बायका जमल्या. अंतोनचा श्वास आमच्या ओसरीवर आला. बाजूला ज्वारी वाळत होती, तिच्यावर चिमण्या होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

बानं बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "हाच का तुझा जाच?"

"व्हय," मी म्हटलं.

तेवढ्यात ती जागा आली. टक. टक. मायनं मान वाकडी केली आणि कान जवळ नेला. आमच्या जात्याचा एक टवका उडालेला आहे, त्यामुळं ते फेऱ्याला एकदा असंच वाजतं. तिनं विचारलं, "हे मधी काय वाजून राहिलं?"

मी सांगितलं, "तू स्टेशनावर दिली ती हळद."

तबकडी संपली, काटा नुसता खरखरत राहिला. मी उचलायला हात पुढं केला तर माय म्हणाली, "अजून एक डाव लाव."

सिकंदराबादेत माझ्या मनात हिशोब पक्का होता, एवढ्यांदा वाजली, एवढ्यांदा उरली. आज परत सिकंदराबादेत येऊन लिहिताना इथली आमची खोली मला घर वाटते, इथले माझे डबे, माझी बटणं मला अंधारातही सापडतात. पण ह्या खोलीत मी ही तबकडी कधी पाठोपाठ दोनदा लावली नसती. ओसरीवर मी चावी भरली आणि लावली. मग मावशी उशिरा आली म्हणून तिच्यासाठी लावली. बानं नवा काटा तासला. दुपारपर्यंत किती वेळा वाजली ते मला माहीत नाही. संध्याकाळी सूर थोडा मवाळ झाल्यासारखा वाटला. टक तशीच होती.