टीव्हीचा पंचनामा

लातुरात बारावीच्या मुली घरात ठेवायच्या म्हणजे जूनमध्ये दोन कामं उरकावी लागतात. वर्षाचे गहू भरायचे आणि टीव्ही बंद करायचा. गहू मी भरायची. टीव्ही बंद करण्याचं काम आमच्या ह्यांचं.

हे तलाठी म्हणून निवृत्त झाले. भूकंपानंतर कित्येक महिने हे गावोगाव पंचनामे लिहीत फिरले. काही ठिकाणी तर हे घर कुणाचं एवढं सांगायलाही माणूस उरला नव्हता. त्याबद्दल हे घरात फारसं बोलले नाहीत, पण तोंडी बोलण्यावरचा ह्यांचा विश्वास तेव्हापासून उडाला तो उडालाच. जे कागदावर नाही ते ह्यांच्या लेखी नाही. एकदा तर ह्यांनी दूधवाल्यापुढे करारनामा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यानं आमची गल्लीच सोडली.

पुढे लातुरात क्लासेसची लाट आली आणि आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारावर ‘मुलींसाठी रूम’ अशी पाटी लागली. आम्हीही वरच्या दोन खोल्यांत सहा मुली ठेवल्या. त्या वर्षी सगळ्यांत शेवटी आली ती मुखेडची. तिचे वडील एसटीत कंडक्टर. आधीच्या ठिकाणी दिवाळीनंतर एकाएकी पैसे वाढवले म्हणून अकरावीच्या मध्यावर त्यांना मुलीला गावी न्यावं लागलं होतं. मी चहा पुढे केला तर कपाला हात न लावता त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, मधीच वाढवनार न्हाई न्हवं?”

“खोली, जेवण आणि नेट, सगळ्याचं मिळून एकदा सांगितलं ते वर्षभर,” मी म्हटलं. “माझा शब्द आहे.”

मग त्यांनी चहा घेतला.

नेट लागायचंच, कारण क्लासच्या सराव परीक्षा कॉम्प्युटरवर असत. आमच्या भागात केबलवाला एकच, आणि तो नेट आणि टीव्ही जोडीनंच देई. नुसतं नेट मागितलं तर म्हणे, “काकू, तसं कंपनी देत न्हाई.” तेव्हा बंद ठेवायच्या टीव्हीचेही पैसे भरणं आलं. वायर ओढायला तो आला त्याच दिवशी ह्यांनी दोन कागद करायला काढले. आधी टीव्ही. जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधला, गाठीवर लाख ओतून सील केलं आणि रीतसर पंचनामा लिहिला. पंच घरचा चालत नाही, म्हणून शेजारच्या बाई आणि तो केबलवाला असे दोन पंच झाले. बिचारा शिडीवरून उतरून सही करून गेला. हा कागद ह्यांनी गोधडीवरच टाचून टाकला.

लगेच दुसरा कागद, स्टँप पेपरवर. वर्षभर दर बदलणार नाही, ‘भूकंप झाला तरीही.’

“भाऊसाहेब,” केबलवाला हसून म्हणाला, “भूकंप झाल्यावर टीव्ही कोन बघंल?”

“तू सही कर,” हे म्हणाले. त्यानं केली. साक्षीदार म्हणून मी आणि शेजारच्या बाईंनी केल्या. ह्यांनी शेवटी झोकात आपली केली आणि कागद ट्रंकेत गेला.

दिवाळी झाली आणि फाटकाच्या सळईत चिठ्ठी अडकवलेली सापडली. पुढच्या महिन्यापासून दर जवळजवळ दीडपट. खाली, ‘सहकार्य करावे.’ त्या दोन शब्दांनी माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं आणि मुलींनी मुकाट्यानं खाल्लं. सहा मुलींच्या राहण्याजेवणातून माझ्या हाती सुटतं ते किती! ही वाढ माझ्याच्यानं पेलणारी नव्हती. मुलींकडे मागावी लागली असती, आणि मुखेडला निरोप धाडायचा तर कुठल्या तोंडानं? त्या माणसानं माझ्या शब्दावर चहा घेतला होता.

हे मात्र खुशीत होते. “येऊ दे त्याला,” म्हणाले. “कागद आहे.”

केबलवाला आला. ह्यांनी चष्मा लावला, ट्रंकेतून कागद काढला आणि कोर्टात वाचावा तसा खणखणीत वाचला. भूकंपाचं कलम दोनदा वाचलं. केबलवाल्यानं शांतपणे कागद हातात घेतला, खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, ही माझी सही हाय. ह्या दोन साक्षीदाराच्या. तुमची सही ‘समक्ष’च्या खाली हाय. गिऱ्हाइकाची जागा कोरीच हाय की!”

ह्यांनी कागद परत घेऊन ओळीवर बोट ठेवून पाहिलं. पंचनाम्यात ‘समक्ष’खाली अधिकारी सही करतो. उभा जन्म तिथे सही करणारा ह्यांचा हात, त्यानं टीव्हीच्या पंचनाम्यावर तिथेच केली, आणि त्याच झोकात करारावरही. ‘समक्ष’ हा शब्दही करारात ह्यांनी सवयीनं स्वतःच लिहिला होता. म्हणजे करार झाला होता, साक्षीदार होते, वर देखरेखीला तलाठीही होता, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. मी रागावायला हवं होतं, पण मला असं हसू फुटलं की खांबाला धरावं लागलं. केबलवालाही हसला. वरून मुली डोकावल्या, त्याही हसल्या. हे हसले नाहीत. शेकडो पंचनाम्यांत एक चूक न केलेला माणूस, चष्मा काढून पुसत बसला. ते पाहून मला फार वाईट वाटलं आणि मग माझ्या रागाला पुन्हा धार आली.

“कागद राहू दे बाजूला,” मी केबलवाल्याला म्हटलं. “वाढ कशाची ते सांग.”

“चॅनल लई वाढले काकू. कंपनीनंच टाकले.”

“नेटचं काही वाढलं?”

“न्हाई. नेट हाय तेवढंच हाय.”

“चल तर. दाखव मला ते चॅनल.”

मी त्याला आतल्या खोलीत नेलं, मागोमाग मुलीही उतरून आल्या. कोपऱ्यात गोधडीतला टीव्ही पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. वर टाचलेला कागद मी मोठ्यानं वाचला. ‘सदर टीव्ही आज रोजी आम्हा पंचांसमक्ष बंद करण्यात आला असून बारावीची परीक्षा संपेपर्यंत उघडला जाणार नाही.’

“पंच नंबर दोन कोण रे?”

त्यानं वाकून पाहिलं. मान खाजवली. “म्याच हाय.”

“मग ह्या घरात कोणी चॅनल बघत नाही हे तुझ्याच सहीनं आहे. न बघितलेल्या चॅनलची वाढ मी का द्यायची? नाहीतर फोड सील, तुझ्या हातानं, ह्या सहा पोरींच्या देखत.”

हे केव्हा दारात येऊन उभे राहिले मला कळलं नाही. “आणि ह्याच्यावर,” हे हळूच म्हणाले, “माझी सही बरोबर जागी आहे.”

केबलवाला भिंतीला टेकून हसत सुटला. खिशातून पेन काढून त्यानं चिठ्ठीवर काट मारली. “मंजूर. परीक्षेपतुर जुनाच दर. म्या कंपनीचं बघून घेतो. पर काकू, कुनाला सांगू नका, न्हाईतर गल्लीतले समदे टीव्ही गोधडीत जातील.”

हे लगेच नवा कागद लिहायला बसले. सहीची वेळ आली तेव्हा केबलवाल्यानंच बोट ठेवलं, “भाऊसाहेब, हितं. गिऱ्हाईक.” ह्यांनी सही केली आणि मग तेही हसले. मी सगळ्यांना शिरा केला.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी कंडक्टर मुलीला न्यायला आले. नेमकं तेव्हाच सील फोडणं चाललं होतं. पंचांना बोलावणं गेलं होतं, मुली टाळ्या वाजवत होत्या, आणि टीव्ही लागल्यावर पहिली दहा मिनिटं कोणता चॅनल लावायचा ह्यावरूनच भांडण झालं. मधल्या भानगडीचं मुलीनं घरी सांगितलंच होतं. तिच्या वडिलांनी पिशवीतून हुरड्याचं पीठ काढून माझ्या हातात दिलं.

निघताना म्हणाले, “पुढल्या साली धाकटी हाय बाई. दर?”

“हाच. वर्षभर.”

ह्यांचा हात सवयीनं ट्रंकेकडे गेला. “थांबा, लिहून देतो.”

“भाऊसाहेब, कागद कशाला?” कंडक्टर म्हणाले. “बाईंनी सांगितलं न्हवं?”

ट्रंकेचं झाकण ह्यांनी उघडलंही होतं. ते तसंच मिटलं, पेन खिशाला लावलं आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला स्वतःच आत गेले.