हिरवा पट्टा: ठेवायचा की काढायचा?

आमच्या वहिनीला तिच्या कचेरीत ‘हिरव्या बाई’ म्हणतात. शहराचा आणि आसपासच्या गावांचा आराखडा जिथे ठरतो, त्या नगररचना कचेरीत ती नकाशे रंगवते. घरांच्या जमिनीला पिवळा रंग, कुरणांना आणि झाडीला हिरवा, कारखान्यांना जांभळा. आता हे सगळं संगणकावर होतं, पण सुनावणीत टेबलावर पसरायचा मोठा नकाशा साहेबांना अजून तिच्याच हातचा लागतो.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. खरं तर तिने मला ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणायला हवं. पण माझं नाक पुसून मला शाळेत पिटाळायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं, मग कसलं आलंय अहो-जाहो! ‘भाऊजी’ ती फक्त रागावली की म्हणते.

पुढे माझं लग्न झालं, आणि त्या वर्षी वहिनी मला सारखी भाऊजी म्हणत होती, कारण मी घरासाठी हट्टाला पेटलो होतो. दोन खोल्यांत आम्ही चौघं, आणि बायकोला दिवस गेलेले. दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या झोपायला शिकला होता. शहरात भाड्याने जागा मिळेना. बायकोला लांबच्या एका गावात नोकरी मिळत होती, राहायला जागा देणारी. नवीन घरांचं काही जमलं नाही तर आम्ही तिकडे जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. मला हे घर सोडवत नव्हतं, आणि ते मी रागावून लपवायचो.

शहराला लागून ओढ्याकाठी लांबलचक कुरण आहे. नकाशावर त्याला ‘हिरवा पट्टा’ म्हणतात. तिथे बांधकामाला बंदी. ती उठवून घरं बांधावीत अशी आम्हा घर शोधणाऱ्यांची मागणी होती. एके दिवशी सकाळी चहा पिताना माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

“वहिनी, एक पेन्सिल फिरवायला तुझं काय जातं?”

“माझं काही जात नाही, भाऊजी. ओढा जातो, झाडं जातात, आणि पुढच्या पुरात खालची वस्ती जाते.”

“मग आम्ही कुठे जायचं?”

तिने कप विसळून पायात चपला सरकवल्या आणि ती निघून गेली. मला वाटलं, हिला आमच्यापेक्षा गवत प्यारं.

कचेरीने मग सुनावणी ठेवली. साहेब म्हणाले, नोटीस लोकांना कळेल अशी लिहा. मागची कोणीच वाचली नव्हती. ते काम वहिनीकडे आलं. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हिरवा पट्टा: ठेवायचा की काढायचा? येऊन आपलं म्हणणं सांगा.’ आणि कुरणाच्या प्रत्येक फाटकावर ती चिकटवली.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात एका बाजूला आम्ही घरवाले, दुसऱ्या बाजूला झाडवाले. दोन्हीकडून बाह्या सरसावलेल्या. साहेब घसा खाकरतात तोच मागचं दार उघडलं आणि कुत्री आत आली. लहान, मोठी, केसाळ, बोडकी, आणि प्रत्येकाच्या मागे तावातावाने त्याचा मालक.

सगळ्यात पुढे एक निवृत्त शिंपी होते. काखेत पांढरी, गुबगुबीत कुत्री. “आधी माझी हरकत लिहून घ्या!” ते गरजले. “आमच्या राणीला लाल पट्टा शोभतो. हिरवा मी घालणार नाही. सक्ती केलीत तरी घालणार नाही!”

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खं सभागृह फुटलं. घरवाले झाडवाल्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. साहेब डोळे पुसत होते. कुत्री भुंकत होती. वहिनी मात्र पार लाजून चूर झाली.

तिने हात जोडले. “चूक माझी. तुमच्या गळ्यातल्या... म्हणजे, यांच्या गळ्यातल्या पट्ट्याचं काही नाही हो.” पुन्हा हशा. मग काय सुचलं कोण जाणे, म्हणाली, “पण आलाच आहात तर एवढं सांगा, कुत्र्यांना फिरवायला कुठून कुठे जाता?”

तिने टेबलावर नकाशा पसरला आणि सगळ्यांच्या हातात पेन्सिली दिल्या. शिंपीकाकांनी राणीची वाट काढली, मग इतरांनी आपापल्या. ओढ्याकाठी रेघांची नुसती दाटी झाली. फक्त एका जागी सगळ्या रेघा वळसा घालून जात होत्या.

“इथे का जात नाही कोणी?” साहेबांनी विचारलं.

“बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे तो,” शिंपीकाका म्हणाले. “नुसत्या काचा आणि काँक्रीट. राणीचा पाय कापला होता तिथे. गवताची काडी उगवत नाही, साहेब, आणि तुम्ही हिरवा रंग फासून बसलाय!”

कारखाना पाडून झाडं लावायची, असं कधीकाळी ठरलं होतं. रंग लागला, झाडं लावायची राहिली. आणि जागा चांगली ऐसपैस, बसच्या रस्त्याला लागून, पाण्याची वाहिनी दारात. झाडवाल्यांची पुढारीण उठून म्हणाली, “तिथे बांधा की उंच घरं! पण ओढ्याला हात लावायचा नाही.” आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझ्या बायकोची होती.

पुढे पाहणी झाली, कागद वर गेले, आमचे जीव टांगणीला लागले. मंजुरी आली त्या दिवशी वहिनी कचेरीतून आली ती बसलीच नाही. “चला,” म्हणाली, आणि माझ्या बायकोचा हात धरून आम्हाला थेट कारखान्याच्या फाटकापाशी घेऊन गेली.

“इथे नाव लावायचा पहिला मान, राहायला पुरेशी जागा नसलेल्या आणि लेकुरवाळ्या किंवा मूल होऊ घातलेल्या घरांना आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्हाला. त्या कोपऱ्यात स्वयंपाकघर घ्या, ओढा दिसेल.” बायको हसता हसता रडायला लागली आणि पोटावर हात ठेवून तिथल्या कट्ट्यावर बसली.

माझी मान खाली गेली. “वहिनी, मला वाटलं होतं तुला आमचं काहीच वाटत नाही.”

“वेड्या, रोज हात शिवशिवायचा माझा,” ती म्हणाली. “सगळं कुरण पिवळं करून टाकावं आणि तुम्हाला इथेच ठेवून घ्यावं असं वाटायचं. पण तसल्या घराची पायरी चढायला मला तोंड राहिलं नसतं. आणि मला तर तुमच्याकडे रोज यायचंय.”