प्रायव्हेट विंडो

दहावीनंतर डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मला फोन मिळाला, तो पप्पांच्या अ‍ॅपसकट. मी काय शोधते ते त्यांना ड्युटीवर बसून दिसायचं.

एके दुपारी आई हळूच म्हणाली, "छातीत गाठ लागतेय गं हाताला. बघ ना, काय असतं ते. पप्पांना सांगू नकोस."

मागे काही राहू नये म्हणून मी मुद्दाम प्रायव्हेट विंडो उघडून शोधलं. मूर्खच मी! अ‍ॅपला तीही दिसत होती.

संध्याकाळी पप्पा दारातूनच ओरडले, "छातीबिती काय घाण बघतेस? लाज नाही वाटत?"

आई विळीवर बोंबील कापत होती. तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

"चुकले, पप्पा," मी म्हटलं.

फोन कपाटात गेला, कुलूप लागलं, आणि आईचे हात पुन्हा चालू लागले.