दवाखान्यावर घिरट्या घालणारी देल्मी

देल्मी ओरेयाना आमच्या सान अन्सेल्मोत लग्नांचे, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसांचे आणि मयतांचे व्हिडिओ काढायची. मयतांचे जास्त. आमच्या डोंगरात घरटी एक तरी माणूस ह्यूस्टनला नाहीतर मायामीला असतो, आणि ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत तो आईच्या मातीलाही येऊ शकत नाही. त्याला निदान बघता यावं म्हणून देल्मी कॅमेरा घेऊन शवपेटीच्या पुढे उलटी चालायची. कबरस्तानाचा चढ चांगलाच खडा आहे, पण तिचा पाय घसरलेला मी कधी पाहिला नाही.

पन्नाशीची, बुटकी, डोक्यावर पुरुषी हॅट. नवरा फार पूर्वीच घर सोडून गेलेला. बोलणं तोडकं. माझ्या किराणा दुकानात आली की आधी फळीवर बसायची, थंड पाणी मागायची आणि मग काय हवंय ते आठवायची. ड्रोन तिने सान पेद्रोच्या बाजारातून जुना घेतला होता. मिरवणूक वरून काढली की परदेशातल्यांना गाव ओळखू येतं, असं तिचं म्हणणं.

तो पहिल्यांदा घरांवरून गेला तेव्हा त्रान्सितो वास्केस कंबर कसून दुकानात बसलेल्या देल्मीपुढे उभी राहिली. त्रान्सितो ही माझ्या मागच्या आळीतली, चार वाफे कॉफी असलेली बाई. देल्मी तिच्या थोरल्या मुलाची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"कोमाद्रे, तुझ्या त्या डासाला सांग, मी न्हाणीत असले की दुसऱ्या गल्लीनं जायचं."

"तुला बघायला बॅटरी कोण खर्च करेल गं?" देल्मी म्हणाली.

"हं! एकेकाळी लोक पायी चालत यायचे मला बघायला."

गावात बाळंतपणाचा दवाखाना बांधायचं ठरलं तेव्हा राजधानी तेगुसिगाल्पाहून बोग्रान नावाचा तरुण इंजिनियर आला. तोवर आमच्या बायकांना कळा सुरू झाल्या की पिकअपमध्ये गादी टाकून ला एस्पेरान्साच्या इस्पितळात न्यावं लागे, आणि रस्ता असा की धडधाकट माणसाचं पोट दुखावं. दवाखान्याला पैसा बाहेरच्या देशातून येणार होता. पैसे देणाऱ्यांना काम कसकसं वर येतंय ते वरून बघायचं होतं. बोग्रान देल्मीच्या घरी गेला आणि परक्या बाईला मानानं म्हणतात तसं तिला 'दोन्या' म्हणाला.

"दोन्या देल्मी, मला सुंदर काही नकोय. दर महिन्याला तेच काढायचं. त्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून, त्याच वाटेनं. शेवटी सगळं जोडलं की इमारत आपोआप उगवल्यासारखी दिसली पाहिजे."

"म्हणजे नवरीचा चेहरा जवळून नाही?"

"नवरी अजून जमिनीखाली आहे," तो हसत म्हणाला.

तिने चर्चच्या आवारात एक सपाट धोंडा चुन्याने रंगवून ठेवला. ड्रोन तिथूनच उडवायचा. वाट एकदा यंत्रात साठवली की ते आपलं आपण जातं, पण वारा असतो, घारी असतात, म्हणून ती मान वर करून उभीच असायची. सकाळी, डोंगरावरचे ढग खाली उतरायच्या आत. पाया खणला, सळ्या बांधल्या, खांब उभे राहिले. मजुरांनाही सवय झाली. देल्मीचा दिवस असला की ते धुतलेले शर्ट घालून यायचे आणि ड्रोन आला की फावडी जरा जोरात मारायचे. एक गवंडी तर दर महिन्याला त्याच खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आपण पण इमारतीबरोबर उंच होतोय का ते बघायचंय म्हणे त्याला.

पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतला तो ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. मजूर सणाला घरी गेले. बोग्रानही पिकअपमध्ये सामान टाकून गेला, जाताना माझ्याकडून सिगारेटचं पाकीट घेतलं आणि म्हणाला, "सण झाला की आलोच." तो आला नाही. कंपनीचा फोन आधी कोणी उचलेना, मग लागेचना. कोण म्हणे पैसा वरच अडकला, कोण म्हणे खाल्ला. आम्हाला खरं कधीच कळलं नाही. मिक्सर एके दिवशी ट्रकमधून निघून गेला, आणि स्लॅबमधून वर निघालेल्या सळ्या तेवढ्या राहिल्या.

पुढच्या महिन्यात देल्मी धोंड्यापाशी उभी. मी दुकानाच्या दारातून पाहिलं आणि पलीकडे गेले.

"अगं, काम बंद आहे. आता कशाचं काढतेस?"

"मधला महिना गाळला तर जोडताना उडी दिसते, आर्खेलिया," ती म्हणाली. "ते परत आले की मला नीट जोडून द्यावं लागेल."

"आणि नाहीच आले तर?"

ड्रोन खाली येत होता, त्याच्यावर तिचं लक्ष होतं.

ती दर महिन्याला काढतच राहिली. गावाला हसायला एक विषय मिळाला. काय देल्मी, गवत किती वाढलं? सळ्यांना पालवी फुटली का? ती ड्रोन धोंड्यावर ठेवायची आणि उडवायची. मला वाटतं, सुरुवातीला तिला खरंच बोग्रान येईल असं वाटत होतं, आणि नंतर ती सवय झाली. पण हा माझा अंदाज. तिने स्वतः कधी सांगितलं नाही.

डिसेंबरात कॉफीची तोडणी सुरू झाली तेव्हा त्रान्सितोच्या मनात आलं की एवढा मोठा, स्वच्छ, उन्हातला स्लॅब रिकामा का पडावा? तिचं अंगण मातीचं. मातीवर वाळवलेल्या कॉफीला मातीचा वास लागतो आणि घेणारा नाक मुरडतो. तिने शिडी लावली, पोती वर चढवली आणि बिया पसरल्या. आठवडाभरात आणखी बायका आल्या. त्यांनी चुन्याच्या रेघा मारून वाटण्या केल्या, सळ्यांना दोऱ्या बांधून गोधड्या वाळत घातल्या, दुपारी तिथेच बसून डबे खाल्ले. बांधून पुरं न झालेल्या त्या दवाखान्यावर बायकांचा इतका राबता दवाखाना चालू असता तरी झाला नसता.

देल्मीने मला तेव्हाचं चित्र दाखवलं. वरून तो स्लॅब गोधडीसारखा दिसत होता. ताज्या धुतलेल्या बियांचा फिकट तुकडा, वाळत आलेल्यांचा पिवळा, सालासकट टाकलेल्यांचा तांबडा. मधे दाताळं ओढणारी त्रान्सितो, वर बघून जीभ दाखवत.

असे दोन हंगाम गेले.

तिसऱ्या हंगामात, जानेवारीत, वरच्या वस्तीतली नोएमी वारली. पहिलंच बाळंतपण. नवरा इसिद्रो मानुएलेस ह्यूस्टनला छपरं घालायच्या कामावर. कळा सुरू झाल्या तेव्हा पिकअप मिळाला, ड्रायव्हर चांगला होता, रस्ताही कोरडा होता. तरी बाळ वाटेतच झालं आणि रक्त थांबलं नाही. बाळ जगलं. मुलगी. ती आजीकडे राहिली, आणि नोएमीला त्याच पिकअपमधून परत आणलं.

इसिद्रोने देल्मीला फोन केला. "दोन्या, सगळं काढा. काही सोडू नका."

देल्मी घरापासून पेटीच्या पुढे उलटी चालत आली. चर्चपाशी तिने कॅमेरा माझ्या हातात दिला, म्हणाली, "पेटीवर धर आणि हलू नकोस," आणि ड्रोन वर सोडला. कबरस्तानाची वाट दवाखान्याच्या शेजारून जाते. स्लॅबवरच्या बायकांनी दाताळी खाली ठेवली आणि कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्रान्सितोने डोक्यावरचा रुमाल काढला. खाली पेटी जात होती, वर कॉफी पसरलेली होती, आणि ते सगळं एका चित्रात आलं.

त्यानंतर देल्मी बरेच दिवस दुकानात फिरकली नाही. मग एकदा आली ती पाणी न मागता उभीच राहिली. "जत्रेच्या दिवशी शाळेचा हॉल मिळेल का, ते मास्तरांना विचार. तुझं ते ऐकतात."

एप्रिलातल्या जत्रेत, चर्चमधल्या दुपारच्या मिसेनंतर, आम्ही हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या टांगल्या. लोक मक्याचे तामाल खात खात आत आले. देल्मीने जोडलेली चित्रं भिंतीवर सुरू झाली. माती उकरली गेली, खांब उगवले, स्लॅब पसरला. गवंड्याला कमरेवर हात ठेवून उभा पाहिल्यावर पोरं ओरडली. मग काहीच होईना. नुसतं ऊन, पाऊस, ढगांच्या सावल्या, सळ्यांवर चढत जाणारा तांबूस गंज. लोक चुळबुळले. मग कॉफी आली आणि पुन्हा हशा. "ती माझी! ती बघा माझी!" कॉफी आली, गेली, पुन्हा आली, गेली, पुन्हा आली. आणि तिच्या शेजारून पेटी गेली.

कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं तशी त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. महापौर पहिल्या रांगेत होते. ते टोपी मांडीवर ठेवून भिंतीकडेच बघत राहिले, दिवे लागले तरी.

इसिद्रोने तो व्हिडिओ ह्यूस्टनहून सगळीकडे पाठवला. राजधानीतून टीव्हीवाले आले, त्यांच्यामागून साहेब लोक आले. ऑक्टोबरात दवाखान्याभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, दाराला कुलूप लागलं, पहारेकरी बसला. आणि काम मात्र सुरू होईना. डिसेंबर आला, तोडणी सुरू झाली. कुंपणाआड रिकामा स्लॅब उन्हात तापत पडलेला, आणि बाहेर बायका ओल्या पोत्यांसकट उभ्या.

त्रान्सितो देल्मीला माझ्या दुकानातच गाठायची वाट बघत होती.

"झालं समाधान, दोन्या देल्मी?"

तिने कोमाद्रेऐवजी दोन्या म्हटलं तेव्हाच मी काट्यावरची साखर खाली ठेवली.

"काम सुरू होईल," देल्मी म्हणाली.

"कधी? तोवर माझी कॉफी काय तुझ्या हॅटवर वाळवू? आमचं बरं चाललं होतं तिथं. कुणाचं काही घेत नव्हतो आम्ही."

"नोएमी गेली, त्रान्सितो."

"मला माहीत नाही? आदल्या रात्रभर तिच्या आईला धरून मी बसले होते, मातीच्या वेळी तू वर तोंड करून उभी होतीस!" त्रान्सितोचा आवाज फाटला. "मी काय दवाखाना नको म्हणते? पण आम्हाला विचारलंस तू? आमची तोंडं दाखवलीस जगाला. ती जत्रा झाली, तुझं नाव झालं, आणि अंगण माझं गेलं."

देल्मीने हॅट काढून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "नाही विचारलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" त्रान्सितो म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी देल्मीने माझ्याकडे जाड काळ्या प्लास्टिकचा मोठा कागद आणून ठेवला. कॉफीखाली अंथरायला, नाहीतर पावसात झाकायला त्रान्सितोला दे म्हणाली. त्रान्सितो दोनदा येऊन मीठ आणि साबण घेऊन गेली, त्याच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. कागद काखेत मारत ती म्हणाली, "मी हा दुकानातून नेतेय. तिच्याकडून नाही."

काम मार्चमध्ये सुरू झालं. नवी कंपनी, नवा इंजिनियर, आणि त्यांचा स्वतःचा कॅमेरा, एका उंच खांबावर बसवलेला. देल्मीची गरज नव्हती. कुंपणाच्या आत ड्रोन आणायचा नाही, असंही त्यांनी सांगितलं. तिने वाट बदलली. कुंपणाच्या बाहेरून, जरा तिरकं काढायला लागली. पहारेकरी सुरुवातीला ओरडायचा, नंतर तोच गच्चीवरून हात हलवून सांगायचा, की दोन्या, आज वर वारा आहे.

दुसरा मजला काही झाला नाही. एकच मजला, पण पूर्ण झाला. पलंग आले, जनरेटर आला, तीन नर्सा आल्या. उद्घाटनाच्या आधी राजधानीतून एक बाई देल्मीकडे आल्या. सुरुवातीची चित्रं फक्त तिच्याकडे होती. ती हवी होती, पण मधली बंद पडलेली वर्षं काढून. कॉफी नको, मिरवणूक नको. पाया ते छत, सलग.

देल्मीने आयुष्यभर लग्नांच्या व्हिडिओतून दारू प्यायलेले मामे कापले होते. हे कापणं तिला अवघड नव्हतं. "देते," ती म्हणाली, "पण इसिद्रोला विचारून." इसिद्रो नाही म्हणाला. मग तिनेही दिली नाहीत.

उद्घाटनाला त्यांनी खांबावरच्या कॅमेऱ्याचंच चित्र दाखवलं. ते सुरू झालं तेच तयार स्लॅबपासून, जणू तो आभाळातून पडला होता. भाषणं चालू होती. मागच्या रांगेतून त्रान्सितोचा आवाज आला, "आणि माझी कॉफी कुठाय?" मंडपभर खसखस पिकली. साहेबांना काही समजलं नाही, तेही हसले. देल्मी माझ्या शेजारी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण हसण्यानं तिचे खांदे हलत होते. दोघी त्यानंतर बोलायला लागल्या. पहिल्यासारख्या नाही. अजूनही भांडतात, पण समोरासमोर.

काही आठवड्यांनी इसिद्रोचा फोन आला. तो येऊ शकणार नव्हता, त्याला आत बघायचं होतं. देल्मीने ड्रोन घरी ठेवला आणि साधा फोन हातात धरून दवाखान्यात गेली. मी सोबत होते. नर्सने आधी चपला काढायला लावल्या. देल्मी अनवाणी, हळूहळू एकेका खोलीतून सरळ चालत गेली, फोन पुढे धरून. पलंग दाखवले. नळ सोडून पाणी दाखवलं. एक बाई बाळाला पाजत होती, तिला विचारून तिचंही बाळ दाखवलं.

शेवटी तिने फोन खिडकीकडे वळवला.

"खिडक्या मोठ्या आहेत," इसिद्रो म्हणाला.

"हो," देल्मी म्हणाली. "सकाळचं ऊन येतं."

"पुन्हा एकदा दाखवा, दोन्या. ती पहिली खोली."

ती वळली आणि पुन्हा पहिल्या खोलीकडे गेली.