चतुर्थीची गोळी

आमच्या कुत्र्याला फिट येई. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. नाशिकच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा बहुतेक गाई-म्हशीच दिसत. तिथल्या डॉक्टरांनी माणसांना देतात तीच फिटची गोळी त्याला लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि ती जन्मभर. शिवाय पाणी किती पितो, चालताना झुलतो का, वजन किती, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचे.

वजनाचे काम वडिलांकडे होते. कुत्रा काट्यावर उभा राहत नसे. म्हणून कोपऱ्यावरच्या कांद्याच्या वखारीत वडील त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढत, मग एकटे चढत आणि वजाबाकी करत. कुत्र्याचे वजन स्थिर राहिले. वडिलांचे वाढत होते, ही बातमी गल्लीभर झाली.

फिट मात्र थांबेना. महिना बरा जाई आणि एक दिवस कुत्रा जिन्यात आडवा पडून पाय झाडू लागे. खाली राहणाऱ्या घरमालकांना तो पिसाळल्याची खात्री होती. त्यांनी वडिलांना बजावले, "भाऊसाहेब, पुन्हा असं झालं, तर कुत्रा तरी जाईल नाहीतर तुम्ही तरी."

आई आणि वडील कुत्र्याला घेऊन दवाखान्यात गेले. गोळी वाढवावी लागेल, पण मग तो दिवसभर पेंगेल, जिना उतरेल असे वाटत नाही, असे डॉक्टर म्हणाले. लिहिण्यापूर्वी त्यांनी शेवटची फिट कधी आली ते विचारले.

"पंचमीला," आई म्हणाली.

"आणि त्याच्या आधी?"

"पंचमीलाच. चंद्राचं काहीतरी असणार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. गोळी कशातून देता, असे विचारले. भाकरीच्या तुकड्यातून, असे आईने सांगितले.

"चतुर्थीला?"

"चतुर्थीला भाकरी कुठली? खिचडीतून."

संकष्टीला आमच्याकडे चंद्रोदयापर्यंत तवा चुलीवर चढत नसे. सकाळी कुत्र्यालाही साबुदाण्याची खिचडी मिळे. तो ती आवडीने खाई आणि गोळी तेवढी चाटून बाजूला ठेवी. पांढरी गोळी चार पांढऱ्या साबुदाण्यांत कोणाला दिसली नाही. ताटली धुतली जाई. संध्याकाळची गोळीही चंद्राची वाट पाही. दुसऱ्या दिवशी फिट.

डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. आधी आहे ती पोटात जाऊ द्या, म्हणाले.

पुढच्या संकष्टीला सकाळीच आमच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. घरमालकीणबाई वर आल्या. चतुर्थी विसरलात की काय, असे त्यांनी विचारले.

"उपास माझा आहे वहिनी, त्याचा नाही," आई म्हणाली आणि गोळी दडवलेला तुकडा कुत्र्यापुढे धरला. संध्याकाळी चंद्र उगवण्याआधी दुसरा धरला. तिने स्वतः पाण्यावर दिवस काढला होता.

पंचमीला घरमालक सकाळपासून जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. वडिलांनी रजा घेतली होती. दुपारी कुत्रा जिना उतरला, मालकांच्या चपलांचा वास घेतला आणि खुर्चीखाली झोपला. मालकांनी पाय वर घेतले. बऱ्याच वेळाने वाकून त्यांनी खाली पाहिले.

"याचा उपास सुटला म्हणायचा," ते म्हणाले आणि पाय खाली सोडले.